आबांशी प्रभावी संवाद

आई-बापाशी कसं बोलावं हे अख्ख्या कोल्हापुरात फक्त आपल्यालाच कळतं, अशी २००४ साली संघर्षची खात्री झाली होती. कारणही तसंच होतं. कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत तो ज्या कारखान्यात सुपरवायझर होता, तिथं मुंबईहून एक मॅडम आल्या आणि त्यांनी दोन दिवस ‘प्रभावी संवाद’ शिकवला. शेवटी परीक्षा झाली. संघर्ष पहिला आला. सर्टिफिकेट प्लॅस्टिकच्या कव्हरात घालून, नव्या बाळासारखं पोटाशी धरून तो घरी आला.

ही विद्या त्याला तातडीनं वापरायची होती. कंपनीनं त्याला पुण्याजवळच्या नव्या कारखान्यात बढतीवर जातोस का म्हणून विचारलं होतं, आणि सोमवारी काय ते कळवायचं होतं. संघर्ष एकुलता एक. वडील केरबा एसटीचे रिटायर ड्रायव्हर. जेवताना मीठ मागितलं तरी घाटात गाडी घातल्यासारखा आवाज. इतक्या वर्षांत बापलेकांचं बोलणं ‘जेवलास का’ आणि ‘गाडीत पेट्रोल हाय का’ यापुढं गेलेलं नव्हतं.

मॅडमचा पहिला नियम असा, की आधी समोरच्याचं ऐकायचं आणि त्याचंच म्हणणं त्याला परत म्हणून दाखवायचं. त्यानं त्याला बरं वाटतं. शनिवारी सकाळी केरबा चहा पीत बसले होते, तेव्हा संघर्ष समोर बसला आणि तुमच्या मनात सध्या काय चाललंय, असं त्यानं विचारलं. केरबांना हे आजवर कुणी विचारलेलं नव्हतं. ते म्हणाले, तुझ्या लग्नाच्या आत घरावर एक खोली काढावी म्हणतोय.

“म्हणजे तुम्हाला वाटतं, की वर एक खोली काढावी,” संघर्ष म्हणाला.

“आन पायऱ्या भाईरनं.”

“म्हणजे पायऱ्या बाहेरनं असाव्यात.”

केरबांनी कप खाली ठेवला. पोरगं आपल्याशी इतकं सहमत झालेलं त्यांनी जन्मात बघितलं नव्हतं. त्यांना बरं वाटलं; मॅडमचं म्हणणं अगदी खरं निघालं. इतकं बरं वाटलं, की पायात चप्पल सरकवून ते थेट ज्ञानू गवंड्याकडे गेले.

दुसरा नियम नजरेला नजर देण्याचा. दुपारी जेवताना संघर्षनं बापाच्या डोळ्यांत डोळे रोवले आणि पापणी म्हणून हलू दिली नाही. थोड्या वेळात डोळ्यांतून पाणी गळायला लागलं. खोलीच्या नुसत्या बातमीनं पोरगं रडतंय हे बघून केरबांनाही भरून आलं, आणि खोलीला बाथरूमही जोडायचं त्यांनी ताटावरच ठरवलं. आई अंजनानं डोळ्यांत घालायच्या औषधाची बाटली आणून संघर्षच्या वाटीजवळ ठेवली.

संध्याकाळी तिसरा नियम. आपलं म्हणणं ‘मला’पासून सुरू करायचं.

“आबा, मला जरा लांब जावंसं वाटतंय.”

“मग, वर गेलं की लांबच की,” केरबा समजुतीनं म्हणाले. “खालचा टीव्ही बी ऐकू येत न्हाय.”

रविवारी सकाळी दारात वाळूचा ट्रक लागला. ज्ञानू टेप घेऊन छतावर चढलेला. ट्रकचा मागचा फाळका पडला, आता वाळू सुटणार, एवढ्यात संघर्षची सगळी विद्या एका दमात उतरली. तो बनियनवरच बाहेर धावला आणि इंजिनाच्या वर आवाज काढून ओरडला, “आबा, खोली नगो! मी पुण्याला चाललोय नोकरीला, ऱ्हायलाच!”

ट्रकवाल्यानं इंजिन बंद केलं. ज्ञानूनं टेप गुंडाळली. केरबा ट्रकमधल्या वाळूकडून पोराकडे वळले.

“काल का सांगितलं न्हाईस?”

“सांगतच हुतो की.”

“कुठं सांगत हुतास? माझंच मला सांगत हुतास.”

मग त्यांनी तिथं जेवणाची सोय आहे का विचारलं, वरचा साहेब कसा आहे विचारलं, आणि बढती मिळणार म्हटल्यावर दोनदा मान हलवली. नंतर ते खालच्या आवाजात बोलले. बापाचा खालचा आवाज संघर्ष पहिल्यांदाच ऐकत होता.

“जा. पण आईला तुझं तूच सांग. मला न्हाय जमायचं ते.”

संघर्ष बरं म्हणाला. पण उंबऱ्याशी आल्यावर दोघंही थांबले आणि एकमेकांना आधी तू जा, आधी तुम्ही जा करत राहिले.

आतून अंजनाचा आवाज आला, “सांगायचं काय ऱ्हायलंय आता? समद्या गल्लीला कळलं. शेजारची आक्का परड्यातनं येऊन इचारून बी गेली, पोरगं कंच्या गाडीनं जाणार म्हणून. च्या गार व्हायलाय, आत या.”