बिसेनमास्तरांचं आंतरराष्ट्रीय प्रकरण

कादंबरीचं एकेक प्रकरण लिहून झालं, की बिसेनमास्तर ते रजिस्टर पोस्टाने स्वतःच्याच बायकोला पाठवत.

आता गंमत अशी, की पोस्ट ऑफिस त्यांच्याच घराच्या ओसरीत. ते पोस्टमास्तर आणि मी, रामटेके, त्यांचा एकुलता एक पोस्टमन. लाखेच्या सिलांनी जड झालेलं पाकीट थैलीतून बसने तालुक्याला जाई आणि शिक्के खाऊन तिसऱ्या दिवशी परत आमच्याच ओसरीत येई. मग मी ते घेऊन बाहेर पडायचं, घराला वळसा घालायचा आणि मागच्या दाराची कडी वाजवायची. सगळी मिळून बारा पावलं.

"सायकल घेऊन जा," मास्तर म्हणत. "ड्युटी म्हंजे ड्युटी."

दार कोणी उघडत नसे. मी परत येऊन विचारी, "काय लिहू?"

"लिही, घरी नाहीत."

सात दिवस पाकीट ठेवायचं, मग 'प्रेषकास परत'. न फोडता ते मास्तरांच्या ट्रंकेत जाई. अशी चौदा पाकिटं झाली होती.

कादंबरी मूर्तिचोरीची. गावतळ्याच्या पाळीवरची, म्हणजे बांधावरची, दगडी देवी चोरीला जाते, एक मंत्री ती जिनिव्हात विकतो आणि दोन देशांचे हेर तिच्यामागे लागतात. मास्तर स्वतः गोंदियाच्या पलीकडे फारसे गेले नव्हते, पण परदेशी टपालाचे दर त्यांना तोंडपाठ. मूर्ती सापडते का, असं विचारलं तर आवाज खाली आणून म्हणत, "हळू बोल. प्रकरण आंतरराष्ट्रीय आहे."

पंधराव्या प्रकरणाने घात केला. वाटेत थैली भिजली, पाकीट उकललं आणि तालुक्याला कोणीतरी वाचलं : 'मंगळवारी पाळीवरची देवी उचलायची. मंत्र्याचा माणूस तयार आहे.' नेमकी त्याच आठवड्यात शेजारच्या गावची जुनी मूर्ती खरोखरच चोरीला गेली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी पोलिसांची जीप ओसरीसमोर उभी.

फौजदार मास्तरांच्या खुर्चीत बसले. मास्तर उभे.

"कादंबरी होय, साहेब."

"बायकोला कादंबरी कोणी रजिस्टर करतं का? कहाँ है ये जमनाबाई? बुलाओ उसको."

"घरी नाही."

"कुठं गेली?"

"बाहेर."

"कधी येणार?"

मास्तर शिक्का पुसू लागले. जिनिव्हातल्या हेरांना चुटकीसरशी उत्तरं पुरवणाऱ्या माणसाला एवढं सुचेना. फौजदार हवालदाराला म्हणाले, "घ्या गाडीत. बाई माल घेऊन पळालेली दिसते."

मला राग आला, तो मास्तरांचा. एक शब्द बोलले असते तर सुटले असते. हवालदाराने त्यांचा दंड धरला आणि माझ्याच्याने राहवलं नाही.

"जमनाबाई मरून चार वर्सं झाले, साहेब! हे बोलूनच नाही राहिले!"

मास्तरांनी माझ्याकडे असं पाहिलं, की जणू मूर्ती मीच चोरली.

नियमाप्रमाणे पहिल्याच पाकिटावर मी 'मयत' असा शेरा मारायला हवा होता. मास्तर मारू देत नसत. जमनाबाईंना वाचता येत नव्हतं. रोज संध्याकाळी मास्तर त्यांना रहस्यकथा वाचून दाखवत आणि ऐन रंगात पुस्तक मिटत. मग दुसऱ्या संध्याकाळपर्यंत बाई चुलीपासून विहिरीपर्यंत त्यांच्या मागे, "मंग काय झालं? सांगा नं जी!" हे सगळ्या गावाने ऐकलं होतं.

फौजदारांनी सोबत आणलेली ती भिजकी पानं चाळली. चाळता चाळता वाचायलाच लागले. शेवटच्या पानावरून त्यांनी वर पाहिलं.

"मग? मूर्ती सापडते का शेवटी?"

"तिलेच नाही सांगितलं अजून," मास्तर म्हणाले. "तुमाले कसा सांगू?"

जीप रिकामी गेली.

त्यानंतर मास्तर माझ्याशी एक अक्षर बोलले नाहीत. मला वाटलं, कादंबरीही संपली. पण पंधरवड्याने सोळावं पाकीट तालुक्याहून शिक्के खाऊन परत आलं. मी सायकल काढली, वळसा घातला, मागची कडी वाजवली आणि नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ दारात थांबलो.

परत आलो तेव्हा मास्तर मान खाली घालून शिक्का पुसत होते. या खेपेला मी काही विचारलं नाही. पेन काढलं आणि पाकिटावर लिहिलं, 'घरी नाहीत.'