पंचनदरावांचा फळा

पंचनदराव कुणाला नाव विचारत नसत. गाव नाही, नवऱ्याची नोकरी नाही, काही नाही. समोर नवा माणूस आला की चष्मा कपाळावर ढकलून एकच प्रश्न: "कुठें पाठवलांत?"

मला पहिल्यांदा विचारलं तेव्हा वाटलं, मुलीबद्दल विचारताहेत. "अमेरिकेला," मी मान ताठ करून म्हणाले.

"मुलगी नव्हे हो बाई. गोष्ट! गोष्ट कुठें पाठवलांत?"

दोन हजार सालानंतरची चार-पाच वर्षं आम्ही चेन्नईत होतो. यांची बँकेतली शेवटची बदली. मी तेव्हा बावन्न वर्षांची कोवळी तरुणी होते. आपण लेखिका आहोत असा माझा ठाम समज होता, पुरावा काही नव्हता. खादीची साडी, रुपयाएवढं कुंकू, खांद्याला झोळी, अशी सगळी तयारी मात्र होती. विद्यापीठात दर मंगळवारी संध्याकाळी सर्जनशील लेखनाचा वर्ग भरे, बाहेरच्यांनाही प्रवेश होता. कुणी इंग्रजीत लिही, कुणी तमिळमध्ये. मराठीत लिहिणारी मी एकटीच, त्यामुळे माझं वाईट आहे हे कुणाला कळायची सोय नव्हती.

पंचनदराव त्याच विभागाच्या ऑफिसातून निवृत्त झालेले. तरी रोज यायचे, फळ्यासाठी. व्हरांड्यातल्या त्या फळ्याच्या मधोमध त्यांनी खडूनं रेघ मारली होती. डावीकडे इंग्रजीत 'संधी', उजवीकडे 'यश'. कुठे स्पर्धा आहे, कुठलं मासिक कविता मागतंय, कुठे लेखकांना महिनाभर फुकट राहू देतात, ते डावीकडे. कुणाचं काय झालं ते उजवीकडे, लाल खडूनं.

यशाची त्यांची व्याख्या फार दयाळू होती. गुम्मिडिपूंडीच्या कारखान्यातली एक मुलगी पाळी संपवून दोन बस बदलून वर्गाला यायची. कारखान्याच्या सुरक्षा सप्ताहाच्या पत्रकात तिच्या हेल्मेटवरच्या चार ओळी छापल्या, तर तिचं नाव महिनाभर फळ्याच्या माथ्यावर. एका मुलाला संपादकानं 'खेद वाटतो' असं कळवलं, तेही यश. "खेद वाटला म्हणजे वाचलें असेल ना? न वाचतां कसा वाटेल?"

माणसं थंडावली की राव स्वतः अर्ज आणून देत. एकदा पंचवीस वर्षांखालच्यांच्या स्पर्धेचा अर्ज माझ्यापुढे धरला.

"अहो राव, माझं वय!"

"तो रकाना रिकामा सोडा. विसरलांत असें वाटेल त्यांस."

रावांचे पूर्वज काही पिढ्यांपूर्वी तंजावरला आले होते. त्यांनी स्वतः महाराष्ट्र पाहिलेला नव्हता. त्यांचं मराठी तमिळ चालीवर हेलकावे खायचं आणि जुन्या पत्रातून उठून आल्यासारखं वाटायचं. मी पुण्याची, त्यामुळे तोंडावर पदर धरून हसायचे. आता आठवलं की तो पदर तोंडात कोंबावासा वाटतो.

टी. नगरला एकदा मी साड्यांच्या पिशव्या सांभाळत बसमध्ये चढत होते, तेवढ्यात मागून हाक आली, "बाई! बाई! आज लास्ट डेट!" राव हातात फॉर्म नाचवत, लुंगीसारखी वेष्टी गुडघ्यापर्यंत उचलून धावत होते. बसमधल्या चार बायका ताडकन उठल्या. कुठल्या दुकानात सेल, कितीला, म्हणून त्यांनी मला घेरलं. कथास्पर्धा आहे म्हटल्यावर माझ्याकडे अशा बघायला लागल्या, जणू मीच त्यांचा सेल बुडवला.

असल्या माणसाशी मी खोटं बोलले.

माझी एक कथा होती, 'क्षितिजापलीकडचं मौन'. नावावरूनच तुम्हाला कल्पना आली असेल. त्यातली नायिका अकरा पानं खिडकीत उभी राहते, दुसरं काही करत नाही. पुण्यातल्या एका दिवाळी अंकाची जाहिरात रावांनीच कुठूनशी मिळवून फळ्यावर लावली, पाकिटावर तिकिटं चिकटवली, पोस्टात टाकलं. महिन्याभरात कथा 'साभार परत' म्हणून घरी आली. घडीसुद्धा मोडली नव्हती.

त्या मंगळवारी वर्गातल्या एका बावीस वर्षांच्या पोरीचं पुस्तक दिल्लीच्या प्रकाशकानं घेतल्याची बातमी होती. टाळ्या चालू होत्या. आणि राव सगळ्यांसमोर माझ्याकडे वळले. "बाई, तुमचें काय झालें?"

"घेतली," मी म्हणाले.

एवढासा शब्द. पण राव जागच्या जागी थांबले. मग त्यांनी लाल खडू घेतला आणि माझं नाव लिहिलं, देवनागरीत. त्या फळ्यावर देवनागरी पहिल्यांदाच उमटत होती. अक्षर मोठं होतं. पुढच्या मंगळवारी डबाभर मैसूरपाक आला. मी दोन खाल्ले. लाज वाटत होती, पण मैसूरपाक चांगला होता.

नंतर सुरू झालं, "अंक आला?"

दिवाळी गेली. "अंक आला?" पोस्टाचा गोंधळ आहे, मी म्हणाले. पुढच्या आठवड्यात संपादक आजारी पडले. नाताळात छापखान्यात पाणी शिरलं. मग कथा उशिराच्या पुरवणीत गेली. ही कारणं मी इतक्या कसोशीनं रचत होते, की तीच एकत्र करून पाठवली असती तर कुणीतरी छापली असती. दर मंगळवारी बसमध्ये मी नवं कारण पाठ करायचे. माझं नाव लाल खडूत, पुसट झालं की राव पुन्हा गिरवायचे.

मार्च उजाडला. यांची निवृत्ती आली, पुण्याला जायचा ट्रक शनिवारचा ठरला. शेवटच्या मंगळवारी रावांना सांगायचं आणि सुटायचं, असं ठरवून मी गेले.

राव व्हरांड्यात उभे होते. हातात तो दिवाळी अंक. त्यांनी थेट पुण्याहून मागवला होता.

वर्ग आत जाईपर्यंत ते अंक चाळत राहिले. मग हळूच म्हणाले, "दोन वेळां पाहिलें, बाई. चिकटलेलीं पानें होतीं, तीं देखील सोडवलीं."

मी फळ्याकडे बघत राहिले. आता पुसतील, असं वाटलं. पुसलं असतं तर बरं झालं असतं.

"पण गोष्ट आहे ना?" त्यांनी विचारलं. "लिहिलेली आहे ना, खरी?"

"आहे," मी म्हणाले. पहिल्यांदाच खरं बोलत होते. "झोळीतच आहे."

"मग आतांच घरीं या. अक्का आहे."

ट्रकचं सांगायचं राहूनच गेलं. वेलचेरीला त्यांच्या मुलाचा तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट. मुलगा आणि सून दोघं आयटीत, दोघंही तमिळच बोलणारी. वीज गेली होती, म्हणून जिन्यानं चढलो, आणि चढता चढता राव बोलत गेले. अक्का म्हणजे त्यांची थोरली बहीण, पंच्याऐंशी ओलांडलेली. मागच्या वर्षी मोठा ताप आला, आणि उतरला तेव्हा तमिळ सोबत घेऊन गेला. लहानपणीचं मराठी तेवढं उरलं. "सून चांगली आहे हो. पण अक्का पाणी मागते, ती उशी देते. बोलायला मी एकटा. आमचे तीन-चार विषय आहेत. सगळे झाले."

मला एकदम कळलं की हा माणूस माझ्या गोष्टीची इतकी वाट का पाहत होता. त्या आख्ख्या वर्गात त्यांच्या घरी नेण्यासारखं लिहिणारी मी एकटीच होते.

अक्का खिडकीपाशी खाटेवर बसल्या होत्या, चिमणीएवढ्या. मेणबत्तीच्या उजेडात मी कागद काढून वाचायला लागले. "तिच्या अंतर्मनाच्या निबिड अरण्यात एक अनाम हुरहुर..."

"ती जेवली कां?" अक्कांनी विचारलं.

"नाही, ती... अंतर्मुख झाली आहे."

"अय्यो. आधी जेवायला घाला."

मी दोन परिच्छेद गाळले. अक्कांनी पुन्हा थांबवलं. "खिडकींत उभी आहे ना? काय दिसतें तिला?"

अकरा पानांत ते मी लिहिलंच नव्हतं. मी कागद बाजूला ठेवले आणि सांगायला लागले. समोर पिठाची गिरणी. गिरणीवाला भुवयांपर्यंत पांढरा. त्याची बायको मात्र काळ्याच साड्या नेसायची, आणि तिच्या पाठीवर पिठाचा पंजा उमटलेला दिसला की आळीत कुजबुज व्हायची. अक्का इतक्या हसल्या की रावांनी त्यांना पाणी दिलं. तास गेला. राव खाली जमिनीवर भिंतीला टेकून, डोळे मिटून बसले होते. एकदाही त्यांनी कुठली तारीख काढली नाही.

निघाले तेव्हा ते दारापर्यंत आले. कठड्याला धरून खाली बघत म्हणाले, "बाई, मी अक्काच्या आधीं गेलों तर? तुम्ही याल कां? मंगळवारीं, अर्धा तास. ती फार विचारणार नाही. दळण, भाजी, काय दिसलें तें बोला."

पुण्यातल्या घराचे पडदेसुद्धा शिवून झाले होते.

"येईन की," मी म्हणाले.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. आधीचं खोटं पकडायला त्यांना अंक मागवावा लागला होता. हे पकडायला काही मागवावं लागलं नसावं. "बरें," ते म्हणाले, आणि बॅटरीचा उजेड माझ्या पायांपुढे पायरीपायरीनं धरत राहिले.

उकाड्यामुळे दार उघडंच होतं. दुसऱ्या मजल्यावर पोचले तेव्हा वरून अक्कांचा आवाज आला. "गेली ती? पुन्हा येणार कां रे?"

बॅटरीचा उजेड माझ्या पायांपुढून हलला नाही.

"येणार, अक्का," राव म्हणाले. "मला म्हणाली आहे."