सगुणा चितळिणीची मनःशांती

एका जंगलात, बाळांनो, एक डॉक्टर राहायला आले आणि त्या दिवसापासून तिथले प्राणी आजारी पडू लागले.

डॉक्टर म्हणजे एक भुंगा. नाव गुंजारव. कानाशी बसून ठरावीक स्वरात गुणगुणले की मेंदूत आनंदरस पाझरतो, असे त्यांचे म्हणणे होते.

सगुणा नावाची चितळीण पाडसाला घेऊन त्यांच्याकडे गेली.

"डॉक्टर, छातीत सारखं धडधडतं. आणि हे लेकरू दूध पिता पिता दचकतं."

"कधी दचकतं?"

"भिकाजीकाका ओरडतात तेव्हा."

भिकाजी हा म्हातारा वानर. तो उंच झाडावर बसे आणि वाघ दिसला की खक् खक् ओरडे. मग चितळे पळत. त्याचा आजाही हेच करी. त्याबद्दल कोणी त्याला कधी बोराएवढेही काही दिले नव्हते.

"निदान सोपं आहे," डॉक्टर म्हणाले. "त्या आवाजाने मेंदूत भयरस सुटतो. वाघाचा काही संबंध नाही. तुम्ही वाघ जवळून पाहिलाय का कधी?"

सगुणेने आठवून पाहिले. खरेच पाहिला नव्हता. इतका पक्का पुरावा मिळाल्यावर तिने तो कळपालाही सांगितला.

सगळा कळप झाडाखाली गेला.

"काका, तुमच्या ओरडण्याने लेकरांच्या मेंदूवर परिणाम होतोय," सगुणा म्हणाली. "यापुढे नुसतं हुंकारत जा. खालच्या स्वरात."

"आणि वाघ आला तर?"

"तर जरा जास्त वेळ हुंकारा."

भिकाजीचा घसा तसाही दुखत होता. तो बरं म्हणाला. मला त्याचा राग येतो, पण सगुणेचा जास्त येतो.

महिनाभरात कळपाला गुण आला. पाडस दुपारभर झोपू लागले. सगुणेच्या अंगावर मांस चढले. कान टवकारायची तिची सवय पार गेली.

एका सकाळी गवतातून वाघ आला. भिकाजीने त्याला पाहिले. तो जीव तोडून हुंकारला.

"आज काकांचा सूर किती छान लागलाय," सगुणा म्हणाली आणि तिने डोळे मिटले.

वाघ तिला घेऊन गेला. जाताना त्याने सांगितले की पूर्वी मांस चिवट लागायचे, हल्ली मऊ असते. डॉक्टरांनी ते टिपून घेतले.

पाडस जागे झाले आणि आईला हाका मारू लागले. डॉक्टर लगेच त्याच्या कानाशी बसून गुणगुणले. थोड्या वेळाने पाडस हाका मारायचे थांबले.

तात्पर्य : मनःशांती कधीच वाया जात नाही. आपल्या नाही, तर दुसऱ्याच्या अंगी लागते.