चंद्रावर अडकलेलं जोडपं

हर्मिनाबाईंनी नवऱ्याला सोडायचं ठरवलं, आणि नेमकं त्याच आठवड्यात दोघांना चंद्रावर बसून प्रेमगीत म्हणायचं होतं.

चंद्र प्लायवुडचा होता. आल्टनमूरच्या हौशी नाटक मंडळीने जुन्या, साखरपाकात बुडवलेल्या संगीतिकांची टर उडवणारं एक नाटक बसवलं होतं. त्यातला सरदार फुलवालीवर इतका भाळतो, की तिच्यासाठी अख्खी डॅन्यूब नदी पिऊन टाकायची शपथ घेतो. सरदार होते गावचे दंतवैद्य डॉक्टर गॉटफ्रीड आणि फुलवाली त्यांची बायको हर्मिनाबाई. दोघंही साठीच्या घरातले. फुलवालीचे गुडघे कुरकुरले तर हशा वाढेलच, असं दिग्दर्शिका राइनहिल्डचं मत होतं.

घरी मात्र डॉक्टरांच्या तोंडून दिवसाकाठी "मीठ दे" याच्यापलीकडे काही निघत नसे. हर्मिनाबाईंनी लिंत्सला बहिणीच्या दुकानावरची खोली ठरवली आणि नवऱ्याला सांगितलं. डॉक्टर बराच वेळ सूप ढवळत राहिले. मग त्यांनी विचारलं, की नाटकाचं काय? बाई म्हणाल्या, प्रयोग करून जाईन. लोकांचा काय दोष?

शनिवारी धुकं होतं, तरी सभागृह भरलं. दुसऱ्या अंकात दोघं चंद्रावर बसली, चंद्र वर निघाला आणि अर्ध्यावर थांबला. दोर कप्पीत अडकला होता. गाणं संपलं, तरी चंद्र हलेना. पियानोवाल्याने तेच गाणं पुन्हा धरलं. डॉक्टरांनी डॅन्यूब तीनदा पिऊन टाकली. अग्निशमन दलाचे स्वयंसेवक तिथेच होते, पण ते कोरसमध्ये घोडेस्वार झाले होते आणि त्यांच्या विजारी इतक्या तंग होत्या की शिडीची पहिली पायरीसुद्धा कोणाला चढता येईना. एकाने प्रयत्न केला. विजार फाटल्याचा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत गेला. शेवटी पियानोही थकला आणि सगळीकडे शांतता पसरली.

त्या शांततेत डॉक्टरांनी चंद्राचं टोक घट्ट धरून हळूच विचारलं, "तू खरंच जाणार आहेस?"

त्या सभागृहात कुजबुजसुद्धा स्वच्छ ऐकू येई. लोक खुदकन हसले.

"सोमवारी सकाळच्या गाडीने," बाई म्हणाल्या.

हशा वाढला. विंगेत राइनहिल्डने कपाळाला हात लावला होता, तो हळूहळू खाली आला.

"तिथे माझ्याशिवाय काय करशील?"

"इथे तरी कुठे होतास तू?"

टाळ्या पडल्या. डॉक्टरांनी खाली पाहिलं. गावातला जवळजवळ प्रत्येक जण कधी ना कधी त्यांच्यासमोर आ वासून बसला होता. आज सगळ्यांची तोंडं पुन्हा उघडी होती.

"माझ्या आईला पुरलं," बाई म्हणाल्या, "आणि त्याच दुपारी तू दवाखाना उघडलास."

"रडू येत होतं मला. तिथे तोंडावर मास्क असतो."

सबंध संध्याकाळचा सगळ्यात मोठा हशा त्या वाक्याला मिळाला. पहिल्या रांगेतल्या एका म्हातारबाबांना तर ठसका लागला. हर्मिनाबाई मात्र हसल्या नाहीत. त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं, काही बोलायला तोंड उघडलं, आणि तेवढ्यात दोर सुटून चंद्र धाडकन खाली आला.

राइनहिल्ड आनंदाने रडत होती. पुढच्या शनिवारी हा प्रवेश असाच हवा, असं तिने बजावलं. डॉक्टर खोटी मिशी काढत राहिले.

सोमवारी बाई निघाल्या. डॉक्टरांनी बॅग उचलली, ती ओढून घ्यायचा कंटाळा बाईंनी केला. स्टेशनवर तिकीटवाल्याने दोघांना पाहताच टाळ्या वाजवल्या. बाकावरच्या बायका एकमेकींना कोपराने ढोसू लागल्या. गाडीचे दिवे धुक्यात दिसले, आणि डॉक्टरांचा चेहरा वेडावाकडा झाला. नाकाडोळ्यांतून पाणी वाहू लागलं.

"व्वा, डॉक्टर," तिकीटवाला म्हणाला, "हुबेहूब."

सगळे हसले. हर्मिनाबाईंनी नवऱ्याची बाही धरली आणि त्याला डब्यात ढकललं. "आत हो आधी. गावाला तमाशा नको."

गाडी सुटली. दोघं समोरासमोर बसली. बाईंनी रुमाल पुढे केला आणि सांगितलं, की पुढच्या स्टेशनावर उतर. डॉक्टरांनी मान हलवली. दवाखान्यापुढे या वेळी लोक गाल धरून उभे असणार, हे त्यांच्या ध्यानात आलं, पण ते रुमालाने नाक पुसत राहिले.

पुढचं स्टेशन आलं. ओला फलाट, चहाचं बंद दुकान, माणूस नाही. डॉक्टर उठले.

खिडकीबाहेर बघत बाई म्हणाल्या, "इथून परतीची गाडी दुपारपर्यंत नाही."

डॉक्टर बसले. "मग त्याच्या पुढच्या स्टेशनावर उतरतो."

"बघू," हर्मिनाबाई म्हणाल्या.