पांढऱ्या शर्टाचे उत्तमराव

हळदीच्या पॉलिश कारखान्यात पांढराशुभ्र शर्ट घालून शिरणारा माणूस एक तर वेडा असतो, नाही तर नवरदेव. उत्तमराव नवरदेव नव्हते. साठी ओलांडलेले गृहस्थ, आणि शर्ट तरी कसा, तर नीळ दिलेला, कडक इस्त्रीचा. जवळा बाजारच्या रस्त्याला आमचा छोटासा कारखाना आहे. वाळलेली हळकुंडं मोठ्या लोखंडी ढोलात घालून फिरवायची, ती एकमेकांवर घासून चकचकीत होतात आणि त्यांची साल भुकटी होऊन उडते. उत्तमराव धुरळा उडवत भरधाव मोटारसायकलवर यायचे, तोंडाला रुमाल बांधायचे आणि थेट ढोलाशेजारी जाऊन उभे राहायचे. आमचा चहा उकळेपर्यंत तिथंच. बाहेर यायचे ते नखशिखांत पिवळे.

मग बाही उन्हात धरून मला म्हणायचे, "बालाजी, मागल्या बारीला लिंबू व्हता, आज पार झेंडू हाये. जबरदस्ती न्हाई, पन इचार कर."

"जबरदस्ती न्हाई" हे त्यांचं पालुपद होतं, आणि ते खरंही होतं. मसाल्याची जी कंपनी आमचा माल घेते, तिनं आम्हा पुरवठादारांसाठी एक योजना काढली होती. ढोलावर झाकण बसवा, भुकटी ओढणारा पंखा लावा, ती कापडी पिशव्यांत धरा. शिकवायला माणूस आम्ही देतो. ज्याला वाटेल त्यानं यावं, न येणाऱ्याचा माल अडणार नाही. आता न आल्यानं काहीच अडत नाही म्हटल्यावर आमच्यातला कोण जागचा हलतो? म्हणून कंपनीनं उत्तमरावांना धाडलं. त्यांनी जन्मभर याच कंपनीसाठी हळद खरेदी केली होती, आमच्या वडिलांच्या वेळेपासून ते या कारखान्यांतून हिंडत होते.

खरं सांगायचं तर त्या पिवळेपणाचं आम्हाला काही वाटतच नव्हतं. कारखान्यामागच्या शेळ्या पिवळ्या, दोरीवरची धोतरं पिवळी, समोरच्या हॉटेलात साधा चहा मागवला तरी तो हळदीचा. आमच्याकडच्या पोरांना लग्नात हळद लावायची ती केवळ रीत म्हणून. कामगार खोकायचे, त्याचीही सवय झालेली. उत्तमरावांनी एखादं यंत्र आणलं असतं तर आम्ही ते यंत्रच बिघडलंय म्हणून मोकळे झालो असतो. शर्टाला काय म्हणणार?

एकदा त्यांनी आसपासच्या सगळ्या कारखानदारांना आमच्या आवारात बोलावलं. दोन कडुलिंबांमध्ये दोरी बांधली आणि पिशवीतून न धुतलेले शर्ट काढून, वाळत घालावेत तसे चिमटे लावून टांगले. एकेका कारखान्याचा एकेक शर्ट. कुठला कोणाचा, ते सांगितलं नाही. मग खुर्चीवर बसून गंमत बघत राहिले.

भांडण जुंपायला वेळ लागला नाही. सगळ्यांत पिवळा शर्ट दुसऱ्याचा, यावर मात्र सगळ्यांचं एकमत. एवढ्यात आमचे शेजारी कारखानदार रहीमभाई छाती काढून पुढे झाले आणि जवळजवळ कोऱ्या दिसणाऱ्या शर्टावर त्यांनी हात ठेवला. "ये अपना! देखो, पंखा न्हाई, झाकन न्हाई, फिर भी कैसा साफ काम!"

"बराबर वळखलं, रहीमभाई," उत्तमराव शांतपणे म्हणाले. "तुमचाच हाये. त्या दिशी तुमच्याकडं लाइट नव्हती."

सगळे पोट धरून हसले. रहीमभाईही हसले, खोकल्याची उबळ येईपर्यंत हसले, आणि पहिला पंखा त्यांनीच बसवला. मग कोणाला मागं राहावेना. उत्तमराव दिसले की जो तो विचारायचा, "सायब, आमचा शर्ट कवा टांगता?"

आमच्याकडे ते चहाखेरीज कधी काही घेत नसत. चहाबरोबर मात्र त्यांच्या बायकोच्या, म्हणजे आमच्या काकूंच्या, गोष्टी यायच्या. ते हिंगोलीला घरी पोचले की काकू दारातच शर्ट न्याहाळायच्या आणि रंगावरून ओळखायच्या, "आज बालाजीकडं व्हतात जनू." साबण लावला की हळदीचा डाग लाल होतो आणि उन्हात टाकला की उडून जातो. काकूंचा सगळा संसार त्या लाल-पांढऱ्यात गेला.

"पन तुमी पांढराच काहून घालता?" मी एकदा विचारलं.

"तिचाच हुकूम. म्हनती, रंगीत घातल्यावर तुमी कुटं गेल्ता ते मला कसं कळावं?" हे सांगताना ते चक्क लाजले होते.

सगळ्यांत शेवटी पंखा बसला तो आमच्या कारखान्यात, या हंगामात. उत्तमराव आले, ढोलाशेजारी उभे राहिले आणि गेले तसेच पांढरेशुभ्र बाहेर आले. आम्ही टाळ्या वाजवल्या, रहीमभाईंनी पेढे आणले. उत्तमराव नुसते स्वतःच्या बाहीकडे बघत राहिले. पेढा हातातच होता.

माणसं पांगल्यावर ते माझ्याजवळ आले. "बालाजी, दोन मिन्टं पंखा बंद करतो का? जबरदस्ती न्हाई."

मला वाटलं, थट्टा करतायत.

"काकूला इसर पडून राहिला," ते म्हणाले. "पोराचा फोन आला तर कोन म्हनून इचारती. मला मातर वळखायची, शर्टावरून. आता जिकडं तिकडं पंखे. पांढऱ्याच शर्टात दारात गेलो की म्हनती, बसा पाव्हनं, आमचे मालक हळदीत गेलेत, येतीलच. काल मला च्या करून दिला. मंग सांजवरी दाराकडं बघत बसली. मी बी बसलो तिच्यासंग, माझीच वाट बघत."

मी म्हणालो, "पिशवीतली भुकटी देतो सायब, वरून शिंपडा."

"न्हाई रे. जलमभर धुतलेत तिनं. वरून टाकलेली तिला कळती."

मी कामगारांना रहीमभाईंबरोबर समोर चहाला पाठवलं, झाकण काढलं, पंखा बंद केला. ढोल गरगरायला लागला आणि माझ्या लहानपणीचा तो पिवळा धुरळा पुन्हा सगळीकडे भरला. त्यात उत्तमराव रुमाल बांधून, डोळे मिटून उभे होते. ज्या धुरळ्याशी हा माणूस एवढी वर्षं झगडला, तोच आज मागून घेत होता. मला रडू आवरेना.

बाहेर येऊन त्यांनी हात पसरले आणि लेकरासारखी गिरकी घेतली. "बघ बरं, मागून झाला का?"

"झाला सायब. पार झेंडू."

त्यांनी तोंडसुद्धा पुसलं नाही. गाडीला किक मारली आणि नेहमी भरधाव जाणारे उत्तमराव त्या दिवशी रस्त्याच्या कडेकडेनं, पायी चालल्यासारखे हळू गेले. अंगावरची हळद वाऱ्यानं उडू नये म्हणून.