बूड टेकवा, मंग बोला

डोमाजी ड्रायव्हर मोटार सोडण्याआधी खाली उतरायचा, मागच्या दारानं आत यायचा आणि प्रवासी उचलून ठेवायचा. उचलून म्हणजे हातानं नव्हे; पण त्याची नजर अशी होती की माणूस आपणच उठून दुसऱ्या बाकावर जाऊन बसे. गडचिरोली ते चामोर्शी ही त्याची लाईन. तिकिटं किसन कंडक्टर फाडायचा, मोटार चांद्याच्या मालकाची होती, पण कोणी कुठं बसायचं हे डोमाजीच्या मर्जीवर होतं.

मी तेव्हा त्या भागात देवी टोचत फिरायचो. लोक मला डाक्टर म्हणत आणि मी कधी दुरुस्त केलं नाही. लशीची पेटी मांडीवर घेऊन दर आठवड्याला त्या मोटारीत बसणं माझ्या नशिबी होतं. रस्ता मुरमाचा, दोन्हीकडे जंगल, आणि मध्ये नाले. चामोर्शीला उतरल्यावर आपली सगळी हाडं आपल्याबरोबर उतरली का, हे पाहून घ्यावं लागे.

डोमाजी पूर्वी खासर हाकायचा. खासर म्हणजे तिकडची धान वाहायची बैलगाडी. खासरात ओझं मागे जास्त झालं की गाडी उलाळ होते, पुढचं जू वर उचललं जातं आणि मागे बसलेला माणूस थेट जमिनीवर येतो. ओझं पुढे जास्त झालं तर बैलांच्या माना मोडतात. मोटारीला बैल नसतात ही गोष्ट डोमाजीच्या कानावर आली होती, पण त्यानं ती मनावर घेतली नव्हती.

चामोर्शीचे धानाचे व्यापारी बापूजी अंगानं भरदार. ते नेहमी अप्परचं तिकीट काढायचे, म्हणजे ड्रायव्हरच्या बाजूची जागा. एकदा डोमाजीनं त्यांना बसल्या जागेवरून उठवलं.

"बापूजी, तुमी मधात या."

"काऊन? अप्परचं तिकीट घेतलं म्या."

"तिकीट राहू द्या ना खिशात. तुमी समोर बसले तं सारं ओझं बैलाच्या मानेवर येते."

"कोन्त्या बैलाच्या?"

डोमाजीनं शांतपणे बॉनेटकडे बोट दाखवलं. बापूजी बॉनेटकडे पाहत राहिले, मग किसनकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी पेटीची कडी नीट लागली आहे का ते पाहू लागलो. शेवटी बापूजी मधल्या बाकावर गेले आणि पुढे कायमचे तिथलेच झाले. अप्परचं तिकीट मात्र ते काढतच राहिले. मान तरी राहतो, म्हणायचे.

माणसांचे त्याच्या लेखी तीनच प्रकार होते. बापूजींसारखे पोतं. म्हाताऱ्या, पोटुशा बाया आणि तापकरी हे मडकं. आणि ज्यांना एका जागी बसवत नाही, खिडकीतून हरण दिसलं की उठतात, ते कोंबडं. पोती मधात, मडकी पोत्यांच्या आधारानं, कोंबडी मागे. एकदा नवरा-नवरी चढली, मुंडावळ्यासुद्धा उतरल्या नव्हत्या. नवरदेव पोतं निघाला आणि नवरी चिपाडासारखी. डोमाजीनं दोघांना दोन टोकांना बसवलं. वरमाय कुरकुरली तर म्हणाला, "लगन झालं ना बाई? आता कुठी पळून जाते तो?"

बसल्याशिवाय त्याला काही विचारायची सोय नव्हती. मोटार किती वाजता सुटणार, नाल्याला पाणी आहे का, कशाचंही उत्तर एकच: "बूड टेकवा, मंग बोला." बूड टेकवल्यावर तो म्हणायचा, "आता बोलू नोका, जीभ चावली जाते." म्हणजे त्याच्याशी बोलायला मुहूर्त असा नव्हताच.

जंगलातल्या गावांतली काही माणसं तेव्हा पहिल्यांदाच मोटारीत बसत होती. एक गोंड म्हातारा चढला आणि बाकावर उकिडवा बसला, घरच्या अंगणात बसावं तसा. किसन त्याला पाय खाली सोड म्हणून सांगू लागला. डोमाजीनं त्याला थांबवलं. नाल्यात मोटार आदळली, आम्ही सगळे छताला जाऊन आलो, म्हातारा जागच्या जागी थोडा खालीवर झाला आणि बिडी ओढत राहिला. डोमाजीनं नाल्यापलीकडे मोटार उभी केली, मागे आला आणि म्हाताऱ्याशेजारी उकिडवा बसून डुलून पाहिलं. "मायबाप, याच्या टोंगळ्यात कमान हाय," म्हाताऱ्याच्या गुडघ्याला हात लावून म्हणाला. मग स्वतःच्या जागेवर उकिडवं बसून त्यानं मोटार हाकून पाहिली. ब्रेकला पाय पोचेना हे त्याला जरा उशिरा समजलं. एका पळसानं आम्हाला थांबवलं. म्हाताऱ्यानं एवढंच विचारलं, इथं उतरायचं का.

पण खरा छळ उतरताना असायचा. डोमाजी दाराशी उभा राहून प्रत्येकाला विचारायचा, "कंबरेले लागलं का?" लागलं म्हटलं तर कुठं, किती, कोणत्या नाल्यावर. नाही म्हटलं तर आणखी पंचाईत. "नाई म्हननाऱ्यावर माहा भरोसा नाई," म्हणायचा आणि तो माणूस चार पावलं कसा चालतो हे पाहत बसायचा. एका हवालदाराला त्यानं परत बोलावून सांगितलं होतं, "लागलं तुमाले. डावा पाय झटकून राह्यले."

माझ्यावर त्याची विशेष मर्जी. दर खेपेला तो मला नव्या जागी बसवायचा. आज दाराशी, पुढच्या आठवड्यात मागच्या चाकावरच्या बाकावर, मग खिडकीशी. नंतर तर त्यानं तणीस, म्हणजे धानाचा पेंढा, भरलेली गादी आणली, गोणपाट शिवून केलेली, आणि ती माझ्याखाली सरकवली. सरकारी माणसाची कदर करणारा कोणी तरी निघाला, असं मला वाटलं. घरी बायकोलाही सांगितलं. मग एकदा मी डोमाजीलाच विचारलं, हा मान माझ्याच वाट्याला का.

"तुमच्या आंगावर मास नाई, डाक्टर," तो म्हणाला. "हाडाले खरं समजते."

त्या दिवशी चामोर्शीला चहा पिताना किसननं मला उलगडा केला. डोमाजीची बायको पार्बताबाई. खासर हाकायचा त्या दिवसांत शेतातून धानाचे भारे आणताना ती मागे, भाऱ्यांवर बसली होती. गाडी उलाळ झाली आणि ती पाठीवर पडली. वैदू झाले, चांद्याचा दवाखाना झाला. ती उभी राहते, चार घरं चालते, पण बसली की कंबर धरते. खासरात तर ती पुन्हा चढलीच नाही. डोमाजीनं बैल विकले आणि मोटारीवर आला.

"तिचं माहेर मार्कंड्याजवळ हाय," किसन म्हणाला. "माय अजून हाय तिची, पन डोये गेले. ते दर शिवरातीले जत्रेत येऊन पोरीची वाट पाह्यते. अना हे पोरगी जाऊ शकत नाई. यंदा डोमाजी नेतो म्हन्ते. जागा पाहून राह्यला तिच्यासाठी."

माझा मान त्या चहातच विरघळला. पुढच्या खेपेपासून मी मात्र डोमाजीला खरं खरं सांगू लागलो. दाराशी नको, पाठीत हिसका बसतो. चाकावर तर नकोच नको. शेवटी मधला बाक, खिडकीपासून दुसरी जागा आणि खाली तणसाची गादी, यावर आम्हा दोघांचं एकमत झालं.

शिवरात्रीला मोटार मार्कंड्यापर्यंत जायची आणि माणसं टपावरही बसायची. त्या दिवशी पार्बताबाई आली. ठेंगणी, सावळी बाई, नवं लुगडं नेसलेली, हातात मायसाठी खाऊ बांधलेलं फडकं. डोमाजीनं तिला जागेवर बसवलं. एका बाजूला बापूजी, दुसऱ्या बाजूला बापूजींचा भाऊ, तोही त्याच मापाचा. "दोनी पोते नीट दाबून बसा," डोमाजी म्हणाला. बापूजींनी खरंच अंग चोरलं नाही. मला त्यानं चाकावर बसवलं.

मोटार इतकी हळू कधी चालली नसेल. प्रत्येक नाल्यापाशी डोमाजी उतरायचा, दगड बाजूला करायचा, मग चढायचा. एक खासर आमच्या पुढे निघून गेलं आणि त्यातल्या पोरींनी आम्हाला हात केले. टपावरून कोणी तरी ओरडलं, "डोमाजीभाऊ, पुढची शिवरात गाठतो का आपन?" आत कोणी हसलं नाही. मी पार्बताबाईकडे पाहत होतो. प्रत्येक हिसक्याला तिचे ओठ आत जायचे आणि हातातलं फडकं घट्ट व्हायचं. डोमाजीला पुढे बसून ते दिसत नव्हतं.

मार्कंड्याला ती दाराचा दांडा धरून उतरली. थोडा वेळ तशीच वाकून उभी राहिली. डोमाजी समोर होता.

"कंबरेले लागलं का?"

"नाई," ती म्हणाली.

आणि चालू लागली. एक हात कंबरेवर, उजवं पाऊल ओढत. पलीकडे झाडाखाली बांबूच्या चटईवर एक म्हातारी बसली होती. पार्बताबाईनं हाक मारली तशी तिनं दोन्ही हात समोर पसरले आणि हवेत चाचपू लागली.

डोमाजीनं बायकोची चाल शेवटपर्यंत पाहिली. मग माझ्याकडे वळला.

"पाह्यलं ना, डाक्टर? नाई लागलं म्हन्ते."

"हो, ऐकलं मी," मी म्हणालो.

तो मोटारीत चढला आणि ती गादी काढून आणली. शेजारी सोडलेल्या एका खासराजवळ जाऊन त्यानं गाडीवानाला काही तरी विचारलं. गाडीवानानं होकारार्थी मान हलवली. मग डोमाजीनं बैलांपुढचं थोडं तणीस उचललं, जमिनीवर बूड टेकवलं आणि परतीसाठी गादी आणखी जाड भरू लागला.