अर्धं सूत

घट बसायच्या आदल्या दिवशी मी आमच्या ओट्यावरचं एक गंजकं दातेरी चाक भंगारवाल्याला दिलं आणि त्याच्या बदल्यात अर्धा किलो लसूण घेतला. साफसफाईत नवऱ्याचा काडीचा हातभार लागत नाही, ही बायकोची चोवीस वर्षांची तक्रार. ती एका फटक्यात मिटवल्याचा मला आनंद झाला होता. दुसऱ्या दिवसापासून घरात नऊ दिवस कांदा-लसूण बंद, हे मात्र माझ्या लक्षात नव्हतं. ते तिने लक्षात आणून दिलं. मग लसूण वाया जाऊ नये म्हणून त्याच रात्रीच्या जेवणात चटणी केली. तिसऱ्या घासाला शेजारचे रघुआप्पा दारात उभे.

"गुरुजी, माझं चाक उन्हात ठेवलं होतं तुमच्या ओट्यावर. आत घेतलं का?"

तो घास अजून खाली उतरलेला नाही.

रघुआप्पा म्हणजे आमच्या उधन्याच्या सोसायटीतलं पहिलं रो-हाऊस. लोकांच्या पार्किंगमध्ये स्कूटर असते, आप्पांच्या पार्किंगमध्ये लेथ मशीन आहे आणि स्कूटर रस्त्यावर. आप्पा अमळनेरकडचे. चाळीस वर्षं इथल्या एका वर्कशॉपमध्ये लूमचे सुटे भाग बनवले. वर्कशॉप बंद झालं, शेड पाडायची ठरली, तेव्हा बाकीचे कामगार हिशेब घेऊन गेले आणि आप्पा मशीन घेऊन आले. विलायती, आप्पांच्या वडिलांपेक्षाही जुनी. रंगाचे इतके थर बसलेले, की बनवणाऱ्याचं नाव कुठल्या थराखाली आहे ते कळत नव्हतं. त्यात मूठ नाही, पट्टा नाही, एक पाय विटांचा आणि गियरचं एक चाक गायब. सोसायटीच्या गुजराती सेक्रेटरीने विचारलं, "काका, आ शुं लाव्या?" आप्पा म्हणाले, "पाहुणी आहे."

जगातली प्रत्येक गोष्ट आप्पा सुतात मोजतात. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, एवढं मलाही आता कळतं. ऊन माझ्या ओट्यावर दोन सूत जास्त येतं, म्हणून धुतलेले भाग वाळायला माझ्याकडे. भाजीत मीठ एक सूत कमी. एकदा माझ्या चेहऱ्याकडे बघून म्हणाले, "ताई आज तीन सूत रागावल्यात वाटतं." माप बरोबर होतं.

हे माप ते तोंडाने सांगतात तसं बोटानेही सांगतात. वर्कशॉपच्या गोंगाटात ओरडून उपयोग नसतो, म्हणून तिथे हाताची भाषा चालायची. सरळ बोट म्हणजे एक सूत, दुमडलेलं बोट म्हणजे अर्धं. आप्पा रस्त्यापलीकडच्या चहावाल्याला दुमडलेलं बोट दाखवतात आणि तो न चुकता अर्धा कप पाठवतो. मी एकदा तसंच बोट दाखवलं, तर तो माणूस काय झालं म्हणून धावत आला.

मशीनच्या समोर प्लास्टिकच्या खुर्चीत आप्पांचे थोरले भाऊ नाना बसलेले असतात. दोघंही विधुर. दोन वर्षांपूर्वी नानांना पक्षाघात झाला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. तेव्हापासून नाना कुणाकडे बघत नाहीत, कशाला हो-नाही म्हणत नाहीत. भरवलं तर खातात. आप्पा कानस चालवता चालवता त्यांच्याशी अहिराणीत एकटेच बोलत असतात.

तर त्या दिवशी मी चटणीचं ताट बाजूला सारून कबुली दिली. आप्पा चिडतील, निदान पाच-सहा सूत चिडतील, असं वाटलं होतं. ते उंबऱ्यावर बसले.

"दसऱ्याला चालवायची होती," एवढंच म्हणाले.

मी म्हटलं, चाक दुसरं मिळेल, दसऱ्याला नाही तर दिवाळीला चालवू. तेव्हा त्यांनी सांगितलं. त्या मशीनवर नानांनी तीस वर्षं काम केलं होतं. आप्पांना कानाला धरून तिथेच शिकवलं होतं. डॉक्टरांनी सांगितलं, ओळखीचं काहीतरी ऐकवत राहा, म्हणून आप्पांनी भजनं ऐकवून पाहिली, गावची माणसं आणून पाहिली. शेवटी मशीन आणली. आणि दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी नानांचा मुलगा त्यांना कायमचं नाशिकला घेऊन जाणार होता.

"चाक नसलं तर मशीन फिरेल, पण तिचा आवाज तो नाही," आप्पा म्हणाले. "नाना त्या आवाजावर सांगायचा, कुठे काय ढिलं आहे."

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मी आप्पांबरोबर भंगाराच्या गोदामात गेलो. तिथे लोखंडाचा डोंगर होता आणि त्याच्या शेजारी आणखी एक डोंगर. मालक म्हणाला, "काका, आमां क्यां शोधशो?" यात कुठे शोधणार, हे खरंच होतं; तरी आम्ही तीन संध्याकाळ शोधलं. मी दातेरी दिसेल ते हौसेने उचलून दाखवायचो. एकदा उसाच्या रसाच्या गाड्यावरचं चाक दाखवलं. आप्पा म्हणाले, "गुरुजी, तुम्ही बसा."

चौथ्या दिवशी मालकाने सांगितलं, त्या आठवड्याचा माल भट्टीला गेला. दीड वर्ष जुन्या बाजारात हिंडून मिळवलेलं चाक मी अर्धा किलो लसणात वितळवलं होतं.

परतल्यावर बायकोने आप्पांना आत बोलावून चहा दिला. ती पोळ्या लाटत होती. आप्पा कपाकडे न बघता पोळपाटाकडे बघत राहिले. मग खिशातून, जिथे माझ्यासारखे लोक पेन ठेवतात तिथून, मापाचा कॅलिपर काढला.

"ताई, हा कधीचा?"

"माझ्या लग्नातला. चाळीसगावहून आलेला. साग आहे."

"मुरलेला दिसतो." कॅलिपर पोळपाटाला लागला. "एक सूत मोठा. ते घासता येईल."

तो पोळपाट मी एकदा फक्त झुरळ मारायला उचलला होता, त्याला सहा वर्षं झाली, तरी विषय निघतो. बायकोने लाटलेली पोळी तव्यावर टाकली. पोळपाटावरचं पीठ पुसलं, पदराने कोरडा केला आणि आप्पांच्या हातात दिला.

"पाय काढून घ्या खालचे," ती म्हणाली. "चाकाला पाय लागत नाहीत ना?"

आप्पांनी हरवलेल्या चाकाचा ठसा वर्तमानपत्रावर काढून ठेवला होता. तो पोळपाटावर चिकटवून ते बारीक करवतीने एकेक दात कापत बसले. लाकडाचं चाक फार दिवस टिकणार नाही, पण आप्पांना एका दिवसाचीच गरज होती. इकडे आमच्या घरी पोळ्या स्टीलच्या ताटाच्या पाठीवर होऊ लागल्या. त्यांच्या आकारांबद्दल मी कधी काही बोललो नाही. तेवढी अक्कल आली होती.

दसऱ्याला आप्पांनी मशीनला झेंडूचा हार घातला, कुंकू लावलं, नारळ फोडला. अर्धी सोसायटी फाफडा-जिलेबी घेऊन पार्किंगमध्ये जमली. नाशिकहून आलेला मुलगा बॅग भरून कोपऱ्यात उभा होता. नाना खुर्चीत, नेहमीसारखे.

आप्पांनी बटण दाबलं. पट्टा थरथरला, सरकला, मशीन फिरायला लागली. मग त्यांनी दांडा ओढला आणि पोळपाट दातांत दात घालून फिरू लागला. टकटक, टकटक. टाळ्या झाल्या. आप्पांनी टाळ्यांकडे पाहिलंही नाही. नानांसमोर उकिडवे बसले.

"नाना, तुनी मशीन शे."

नाना समोर बघत राहिले. टकटक चालूच होती. कुणीतरी जिलेबी पुढे केली, ती आप्पांनी हातानेच बाजूला केली. मिनिट गेलं असेल. मुलगा पुढे होऊन म्हणाला, "काका, राहू द्या आता."

तेवढ्यात नानांच्या मांडीवरचा डावा हात हलला. एक बोट वर आलं. सावकाश, थरथरत, मध्ये दुमडलं.

बाकी कुणाला काही कळलं नाही. चहा मागतात, असं कुणी म्हणालं. आप्पांनी मशीन बंद केली, पाना घेतला, लाकडी चाक किंचित आत सरकवलं, नट आवळला आणि पुन्हा चालू केली. टकटक बारीक झाली, एकसारखी झाली. नानांनी बोट खाली घेतलं.

"अर्धं सूत ढिलं होतं," आप्पा माझ्याकडे वळून म्हणाले. मग हाताला लागलेलं ग्रीस तसंच डोळ्यांना लावून घेतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी नाना नाशिकला गेले. गाडी वळल्यावरही आप्पा रस्त्यात उभे होते. मग पार्किंगमध्ये जाऊन रिकाम्या खुर्चीसमोर मशीन पुसत बसले.

बायको खिडकीतून हे बघत होती. बघता बघता तिने ताटाच्या पाठीवरची वाकडी पोळी उचलून तव्यावर टाकली.

"आज शाळेतून येताना पोळपाट आणा," ती म्हणाली. "मोठा बघून आणा. यापुढे चार पोळ्या जास्त लाटायच्या आहेत."